खिंडीपलीकडचं औषध

धाकटीच्या औषधाची बाटली ताईनं खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी जेमतेम उद्या सकाळपर्यंत पुरेल एवढंच इन्सुलिन उरलं होतं. परवा डोंगराचा कडा खचला आणि रस्ता, पूल, तारा, सगळं घेऊन खाली गेला. औषधांचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच, म्हणून घरात एक जादा बाटली ठेवावी असं कधी कुणाच्या मनातच आलं नव्हतं. आता त्या दुकानाच्या फळ्या रिकाम्या होत्या. औषध होतं ते खिंडीपलीकडच्या इस्पितळात, आणि तिथं पायीच जावं लागणार होतं!

निघाले तिघं. इस्त्रीचं दुकान चालवणारी ताई, नळकाम करणारा मामा आणि आत्या. आई धाकटीपाशी राहिली. आत्यानं फार वर्षांपूर्वी संकटासाठी म्हणून एक पिशवी भरून दाराआड टांगली होती. ती तिनं मामाच्या पाठीवर चढवली.

"दोर, ताडपत्री, टॉर्च, काडेपेटी, खाऊ, चादर. सगळं आहे. हसत होतात ना मला?"

"हसलो म्हणून तर गाढव झालोय, आक्का," मामा म्हणाला. "चला!"

पिशवी चांगली फुगलेली दिसत होती. उघडून बघायला कुणी थांबलं नाही.

दुपारपर्यंत चढण सोपी होती. मग झाडं विरळ झाली, वारा बोचू लागला आणि धुकं असं उतरलं की पुढच्याची पाठसुद्धा दिसेना. त्या धुक्यातच त्यांना ओढ्याचा आवाज आला. एरवी उड्या मारत ओलांडावा असा तो ओढा आज गढूळ पाण्याचे लोट घेऊन दगड गडगडवत चालला होता.

"दोर काढा," आत्या म्हणाली.

मामानं पिशवी उघडली. दोर निघाला, पण अर्धाच!

"उरलेला मी नेला," ताई हळूच म्हणाली. "दुकानात कपडे वाळत घालायला. नवा आणून ठेवणार होते."

मामानं टॉर्चचं बटण दाबलं. उजेड नाही. त्यानं मान खाली घातली. "यातले चांगले सेल घड्याळात आहेत. घड्याळातले मेलेले मीच यात घातले."

काडेपेटीत दोन काड्या होत्या, त्याही सादळलेल्या. खाऊचा डबा आत्यानं उघडलाच नाही. पाहुणे आले होते तेव्हा तिनंच तो रिकामा केला होता. घरातल्या प्रत्येकानं "एवढंच तर घेतोय" म्हणत पिशवीत हात घातला होता, आणि बाकीचं जागेवर आहे असं धरून चालला होता.

"आणि ताडपत्री?" आत्यानं विचारलं.

"तीही माझ्याच दुकानात आहे," ताई म्हणाली. "गिऱ्हाइकांच्या गाठोड्यांवर घातलीय."

रडत बसायला वेळ नव्हता. ताईनं चादर काढली, दातांनी कड तोडली आणि टराटरा तिच्या पट्ट्या फाडल्या. त्या पाण्यात बुडवून ती पिळू लागली.

"अगं, ओल्या कशाला करतेस?" मामा ओरडला.

"सुती कापड ओलं असलं की जास्त ताण सोसतं. रोज पिळते मी चादरी!"

पीळ दोराला जोडला, गाठ ओढून पाहिली. एक टोक अलीकडच्या झाडाला बांधलं, दुसरं कमरेला बांधून आधी ताई गेली, मग दोर धरून आत्या. पाणी छातीला भिडलं, पाय सुटले, पुन्हा टेकले. शेवटी मामा. त्यानं झाडाचा दोर सोडून स्वतःला बांधला आणि पाण्यात उतरला. त्या दोघी ओढत होत्या. तो काठाला आला! हात पुढे केला! तेवढ्यात पाण्यातून एक धोंडा गडगडत आला. हाड मोडल्याचा आवाज ओढ्याच्या गर्जनेतही ऐकू आला.

त्याला कड्याच्या कपारीत ओढून नेलं. आत्यानं दोन फांद्या लावून पाय घट्ट बांधला. ताईनं काड्या ओढल्या. एक मोडली. दुसरीचं गूल नुसतंच घासलं गेलं. वर कपारीतून पाणी ठिबकत होतं, आणि त्याच्यावर घालायला काही नव्हतं.

मामाचे दात वाजत होते. "गिऱ्हाइकांचे कपडे तरी कोरडे आहेत ना, पोरी?" तो म्हणाला.

ताईला हुंदका फुटला.

"रडू नकोस. तू पुढे हो. आक्का आहे माझ्यापाशी. रात्रभर भांडेल, तेवढीच ऊब."

"मी तुला सोडून..."

"घरी धाकटीपाशी मोजून औषध उरलंय. ऊठ!"

ताई उठली. खिंडीतला वारा तोंडावर चाबकासारखा बसत होता. दिसेनासं झालं तेव्हा ती हातापायांवर रांगत चालली, दगड चाचपत. इस्पितळाचे दिवे दिसले तेव्हा तिचे तळहात सोलून निघाले होते. परिचारिकेनं दोन बाटल्या कापसात गुंडाळून दिल्या.

"गोठू देऊ नकोस. गोठलं की गेलं, मग वितळवूनही उपयोग नाही. स्वेटरच्या आत ठेव."

दोन हमाल झोळी, कंदील आणि लांब दोर घेऊन लगेच तिच्याबरोबर निघाले. चढ संपता संपेना. कपारीपाशी पोहोचले तेव्हा उजाडत होतं.

आत्या मामाला मिठी मारून बसली होती. तिनं स्वतःचा स्वेटर त्याच्या अंगावर चढवला होता. तिचे ओठ निळे पडले होते. मामाचे डोळे मिटलेले होते.

"मघापर्यंत बोलत होता," आत्या म्हणाली.

ताईनं त्याच्या गालाला हात लावला आणि तसाच ठेवला. मग आत्यानंच तो हात धरून बाजूला केला.

"औषध आणलंस?"

"हो."

"मग थांबू नकोस. त्यानं तुला थांबायला पाठवलं नव्हतं."

एक हमाल मामापाशी राहिला. दुसऱ्यानं आत्याला स्वतःची घोंगडी दिली आणि दोर बांधून दोघींना ओढ्यापार नेलं. 

घरी आईनं दार उघडलं. तिनं दोघींना पाहिलं, दोघींच्या मागे पाहिलं, आणि तिचा हात चौकटीवर घट्ट आवळला. पण ती बाजूला झाली. धाकटी निपचित पडली होती, श्वास खोल आणि धापा टाकल्यासारखा. ताईनं हात धुतले, बाटली काढली, सुई भरली, मात्रा दोनदा तपासली आणि टोचली.

मग सगळ्या वाट पाहत बसल्या. उन्हं कलली तेव्हा धाकटीचा श्वास संथ झाला. तिनं डोळे उघडले, ताईला ओळखलं, आणि कोरड्या ओठांनी विचारलं, "मामा कुठंय?"

ताईनं पाण्याचा पेला तिच्या ओठांना लावला.

"आधी पाणी पी," ती म्हणाली. "सगळं पी. मग सांगते."