मासे न खाणारे केल्ट

मंगळवारी दुपारी हार्बरफ्रंटजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या त्या मंडईत, पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून गार्गी लिमयेला एका अनोळखी तरुणासमोर बसावं लागलं. तो केळीच्या पानावरचा मासा मन लावून खात होता. तिने आपले कागद चाळायला घेतले, तर वरचं शीर्षक वाचून समोरून चक्क मराठीत प्रश्न आला.

"केल्ट लोक मासे खात नव्हते? कुणी सांगितलं?"

"त्यांच्या हाडांनी. मी प्रयोगशाळेत त्या प्राचीन पाश्चात्त्य टोळ्यांची दोन हजार वर्षांपूर्वीची हाडं तपासते. नदीकाठी राहायचे, कुठे कुठे समुद्रही जवळ... तरी बहुतेकांच्या हाडांत मासे खाल्ल्याची खूण नाहीच म्हणावी इतकी कमी."

"तुम्ही खाता मासे?"

"नाही."

कागदावरचं तिचं नाव वाचून तो हसला. "मग लिमयांना मासे सापडणार कसे?"

डोळे असे मिश्कील, की राग यायलाही क्षणभर उशीर झाला. पण आला तो सणकून. तीन वर्षं डोळे फोडून केलेलं काम, आणि याने ते आडनावावरून निकालात काढलं. तो वरुण परब, मूळचा वेंगुर्ल्याचा, शिपिंग कंपनीत नोकरीला... एवढं त्याने न विचारताच सांगितलं. शनिवारी तिचं व्याख्यान आहे हेही कागदावरून वाचून घेतलं.

व्याख्यान मरीन परेडच्या एका कॉन्डो सोसायटीच्या हॉलमध्ये होतं. "हाडांची डॉक्टर ना? माझा गुडघा बघ की," म्हणणाऱ्या मराठी मंडळींनी पहिल्यांदाच तिला तिच्या कामावर बोलायला बोलावलं होतं. रात्र रात्र जागून तिने तयारी केली होती. बोलणं रंगात आलं आणि तिसऱ्या रांगेतून हात वर झाला. तोच हात, तोच प्रश्न, तेच आडनाव. हॉल खो खो हसला. त्यानंतर तिचं कुणी मनापासून ऐकलं नाही.

बाहेर पाऊस कोसळत होता, नाहीतर ती तडक निघून गेली असती. दाराशी उभी असताना यजमान सुलेखाताईंचा आवाज कानावर पडला. त्यांनी विषयाला साजेसे म्हणून बांगड्याचे कटलेट केले होते.

"वरुण, घे ना रे."

"नको ताई. बुधवारी श्रावण लागला ना. महिनाभर बंद."

गार्गी गर्रकन वळली.

"समुद्र इथून किती लांब आहे हो?"

"असेल... दहा मिनिटं," तो गडबडला.

"आणि बांगडा हातभर अंतरावर. तरी तुम्ही खात नाही. का, तर आपल्यात खात नाहीत. मग केल्टांचंही काही असं असू शकेल, हे तुमच्या डोक्यात का येत नाही? तुमच्या एका महिन्याचं हाडांत काही दिसणार नाही. त्यांनी जन्मभर सोडले असतील. कारण मला माहीत नाही, पण त्यावर हसण्याआधी ऐकून तरी घ्यायचं."

वरुणच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "माझं चुकलं."

"मला एकटीला नका सांगू. हसवलंत सगळ्यांसमोर."

तो खरंच पुढे गेला. "मघाशी मी आचरटपणा केला," हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "मी अडवलं तिथून पुढचं ऐकायचं राहिलंय. ऐकू या का?"

कटलेटच्या बशा हातात घेऊन मंडळी परत बसली. या वेळी ती शेवटपर्यंत बोलली. प्रश्न आले, तेही केल्टांबद्दलचे.

पाऊस ओसरला. बस स्टॉपपर्यंत तो छत्री धरून सोबत आला, स्वतः अर्धा भिजत.

"खरं सांगू? मंगळवारपासून तुमच्याशी बोलायला निमित्त शोधत होतो," तो हळूच म्हणाला.

"म्हणून माझ्या कामाची थट्टा? साधं 'कशा आहात' विचारता येत नव्हतं?"

"तुम्ही उत्तर दिलं असतं?"

"नसतं." आणि त्याचं बरोबर निघालं, याचाही तिला राग आला.

बस आली... दारं उघडली... ती चढली नाही. बस निघून गेली.

"गार्गी... मी तुम्हाला मुळीच आवडत नाही का?"

"ज्याचा खरा राग येतो, त्याच्याशी मी एक शब्द बोलत नाही. कुणालाही विचारा," ती छत्रीत सरकत म्हणाली. "आणि तुमच्याशी संध्याकाळभर भांडतेय. काय तो निष्कर्ष तुम्हीच काढा."