बोट उचललं की

बस, सांगतो. पण हसायचं नाही, आधीच बजावतो.

मी इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात आहे. नर्सबाईंची रोजची कटकट होती, "हातात मोजे असतात, त्यात दरवेळी ते बटण कशाला दाबायला लावता?" म्हणून मी कोडचा एक छोटा तुकडा लिहिला. रकाना भरून बोट उचललं की फॉर्म आपोआप सबमिट. एकदा लिहायचा आणि हव्या त्या फॉर्मला चिकटवायचा. चादरींच्या फॉर्मला चिकटवला, औषधांच्या फॉर्मला चिकटवला. मग आळस नडला. पेशंटचं श्वासाचं मशीन बंद करायच्या संमतीच्या फॉर्मलाही तोच चिकटवून मोकळा झालो. जिथे दहादा विचारायला हवं, तिथे!

माझी ताई तेव्हा वरच्या वॉर्डात होती, श्वासाच्या मशीनवर. मानेखालचं काहीही हलत नव्हतं.

भर दुपारी नर्सबाईंचा फोन आला. आवाज अगदी खाली.

"ताईंचं मशीन बंद करायची संमती... तुम्ही दिलीत?"

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"फॉर्म आलाय... डॉक्टर निघालेत."

जिने कसे चढलो, देव जाणे. दारातच डॉक्टरांचा हात धरला. फॉर्म ताईच्या उशाशी ठेवलेल्या टॅबवरून आला होता. खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं. स्पिरिटचा वास, आणि मशीनचे ते एकसारखे सुस्कारे. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "ढब्या, दुखतंय रे. सोड."

मला ढब्या म्हणणारी जगात एकटी ताईच.

मी काय केलं? तो तुकडा काढला, बटण बसवलं, वर पासवर्ड लावला. ताई मला जायला नको होती, बस्स. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फॉर्म पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. मी कुणाला न सांगता खोडत राहिलो, अकरा दिवस. बाराव्या दिवशी तिच्या डोळ्यांच्या कडा ओल्या दिसल्या. मग मीच बटण दाबलं. मशीनचे सुस्कारे थांबले.

त्याला आता वर्ष होईल. तो टॅब मी स्वतः फोडून भंगारात टाकलाय. तो तुकडाही कुठल्याच फॉर्मला उरलेला नाही.

आज दुपारी जेवून जागेवर आलो, तर स्क्रीनवर फॉर्म. पाठवणारा टॅब तोच. कारणाच्या रकान्यात तीनच शब्द होते.

"ढब्या... अजून दुखतंय."