बगळ्याचा हात

आमच्या घराच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली आहे. आधीचे भाडेकरू तिथे सायकली ठेवत. आम्ही राहायला आलो त्या दिवशी भांडीकुंडी अजून खोक्यांत होती, गादी जिन्यात अडकली होती, आणि माझा नवरा त्या खोलीत टेप घेऊन डार्ट्सच्या बोर्डाची उंची मोजत होता. बोर्ड टांगला, वर दिवा लावला, जमिनीवर रबरी पट्टा अंथरला, त्याच्या टोकाशी उभं राहायची रेघ मारली आणि मग म्हणाला, "हं. आता हे घर झालं."

तो व्यावसायिक डार्ट्स खेळाडू होता. माझ्या आईला हे कधीच नीट पचलं नाही. "जावई काय करतात?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "बाण मारतात." समोरचा धनुष्याची चौकशी करायचा आणि आई विषय बदलायची. पण आमचं घर त्या तीन बाणांवर चालायचं, आणि बरं चालायचं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हात हे माझं मुख्य काम. आखडलेली बोटं, शिवलेल्या शिरा, प्लास्टर काढल्यावर मूठ वळायला विसरलेले पंजे. "तू बाण मार, मी बोटं सरळ करते," असं मी म्हणायचे. "पण घरातला पेशंट घेणार नाही हं."

सगळे त्याला बगळा म्हणत. रेघेपाशी तो पुढच्या पायावर सगळा भार टाकून उभा राहायचा, मान किंचित पुढे, डोळे अर्धे मिटलेले. इतका स्थिर की पाहणाऱ्याला आपणच हलतोय असं वाटावं. मग एकदम हात सुटायचा. बोर्डात बाण शिरतो तो आवाज कोरडा असतो, जाड सतरंजीवर बोट आपटावं तसा. तारेला लागला तर टिणकन वाजतो. मी स्वयंपाकघरात कणीक मळता मळता सांगू शकायचे, त्याचा दिवस कसा चाललाय ते.

आमची मुलगी पाच वर्षांची झाली त्या वर्षी त्याचा हात अडकला. मुलीचं घरातलं नाव मुंगी, कारण ती कधी एका जागी बसायची नाही.

पहिल्यांदा झालं ते मोठ्या स्पर्धेत, कॅमेऱ्यांसमोर. डार्ट्समध्ये पाचशे एकपासून उलटं मोजत शून्यावर यायचं असतं आणि शेवटचा बाण बोर्डाच्या कडेच्या अरुंद पट्टीत, डबलमध्येच लागावा लागतो. त्याला शेवटचा डबल हवा होता. हात मागे आला, पुढे गेला, आणि बाण बोटांतच राहिला. प्रेक्षकांना वाटलं, नेम सुधारतोय. पुन्हा हात पुढे गेला. बाण बोटांतच. तिसऱ्या वेळी कुणीतरी हसलं.

हे दुखणं खेळाडूंना ठाऊक असतं, पण त्याचं नाव कुणी घेत नाही. घरात साप निघाला की त्याला जनावर म्हणतात, तसं. मी त्याचा हात दहा वेळा तपासला. ताकद, संवेदना, प्रत्येक सांध्याची हालचाल. हात उत्तम होता. चेंडू फेकता यायचा, दगड फेकता यायचा. फक्त बाण सुटायचा नाही. एका हंगामात तो खेळाडूंच्या क्रमवारीत वरून पार तळाशी आला. आता पात्रता फेरी जिंकली नाही, तर व्यावसायिक खेळाडूंमधून नावच कमी होणार होतं.

मास्तर रोज दुपारी यायचे. ते बगळ्याचे गुरू, स्वतः जुने खेळाडू, गुडघे गेलेले. खुर्चीत बसून म्हणायचे, "सोड, बाळा. घट्ट धरून काय करणार आहेस? लोणचं घालायचंय का?" बगळा हसायचा. हात पुढे जायचा आणि तिथेच थांबायचा, हवेत, ताठ. कधी कधी तो तसाच मिनिटभर उभा राहायचा. मला ते बघवायचं नाही.

एका दुपारी मास्तर आले नव्हते. मी वाळलेले कपडे घेऊन त्या खोलीवरून जात होते. तो रेघेवर उभा होता, हात तसाच पुढे अडकलेला. मी दारात थांबले.

टप्प.

बाण मधोमध, लाल ठिपक्यात.

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मी दारात, हातात टॉवेलांचा ढीग.

"तू घेतलास?" त्याने विचारलं.

"काय?"

"बाण. माझ्या हातातून कुणीतरी काढून घेतला. हळूच. लहान मुलाच्या हातातली कात्री आपण काढून घेतो ना, न दुखवता, तसा."

मी त्याला समजावलं. मेंदू स्वतःच्या हालचालींची दखल आधीच घेतो, म्हणून त्या आपल्याला आपल्या वाटतात. ही साखळी कुठे निसटली की हालचाल परकी वाटते. माझ्याकडचे पेशंट असं खूपदा सांगतात. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं. पण बोटं गार होती." आणि दुसरा बाण उचलला.

टप्प. पहिल्याला चिकटून.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं बाहेर जेवलो.

पात्रता फेरी त्याने एकही सामना न हरता पार केली. मग पुढची स्पर्धा, मग त्याच्या पुढची. वर्तमानपत्रात 'बगळा परतला' असं छापून आलं. घरात मात्र बारीकसारीक गोष्टी बदलत होत्या. तो मला चहाचा कप देत होता. माझा हात अजून कपापर्यंत पोचलाही नव्हता, तोच कप त्याच्या हातातून गेला आणि आमच्या दोघांच्या मधे फरशीवर फुटला. मला वाटलं, त्याने लवकर सोडला. त्याला वाटलं, मी उशिरा धरला. नंतर किल्ल्यांचं तसंच झालं, मग मुंगीच्या डब्याचं. तेव्हापासून तो कुणाच्या हातात काही द्यायचा नाही. टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "घे." आमच्या घरात ती रीतच होऊन गेली. पाहुणे हसायचे.

मोठ्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्याचं चित्रण मी दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत पाहत होते. हौस म्हणून नाही. बरा झालेला हात कसा चालतो, ते बघायचं होतं. मी एक फेक अगदी मंद केली.

फेकताना आधी अंगठा सुटतो, मग बोटं उघडतात, बाण निघतो आणि पंजा पुढे पसरतो. हजारो वेळा पाहिलंय मी. इथे बोटं उघडलीच नव्हती. चिमूट तशीच होती, घट्ट, नखं पांढरी पडलेली. बाण त्या चिमटीतून पुढे निघाला. आणि तो निघताना बोटांच्या टोकांची कातडी पुढे ताणली गेली, बोर्डाच्या दिशेने. ढकललेल्या वस्तूमुळे कातडी तशी ताणली जात नाही. ओढलेल्या वस्तूमुळे जाते.

मी दुसरी फेक पाहिली. तिसरी पाहिली. मग पुढचा पेशंट आला, त्याच्या मनगटाला मी चुकीची पट्टी बांधली आणि पुन्हा सोडून बांधली.

अंतिम सामन्याला आम्ही सगळे गेलो. मोठं सभागृह, लांबलचक बाकं, दिव्यांच्या उष्णतेने तापलेल्या पडद्यांचा वास. मुंगी माझ्या मांडीवर उभी राहून ओरडत होती. मास्तर शेजारी बसले होते, काठीवर हनुवटी टेकून. ते टाळ्या वाजवत नव्हते.

"मास्तर, तुमचा शिष्य जिंकतोय," मी म्हणाले.

"हो."

थोड्या वेळाने ते माझ्या कानाशी वाकले. "पोरी, मी त्याला तो एवढासा होता तेव्हापासून बघतोय. आज तो फेकत नाहीये. नुसता देतोय."

मी मुंगीला खाली बसवलं आणि त्याच्या बोटांकडे पाहू लागले.

शेवटी त्याला डबल सोळा हवा होता. तो रेघेवर गेला, मान पुढे आली, सभागृह गप्प झालं. आणि मला दिसलं की त्याचा हात बोर्डाकडे रोखलेलाच नाही. तो बराच डावीकडे होता, बोर्डाच्या बाहेर, पडद्याच्या काळ्या कापडाकडे. माझ्या लक्षात आलं. तो मुद्दाम हरत होता.

टप्प.

डबल सोळा. लोक बाकांवर चढले. गुण पुकारणारा त्याचं नाव ओरडत होता. बगळा तसाच उभा होता, रिकामी चिमूट पुढे धरून.

करंडक त्याने हातात घेतला नाही. "टेबलावर ठेवा," म्हणाला. लोकांना ते नम्रपणाचं वाटलं.

हॉटेलच्या खोलीत मुंगी झोपल्यावर तो पलंगाच्या कडेला बसला. "जिंकलं कोण, मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी खेळणं थांबवतो."

"थांबव," मी म्हणाले. शास्त्र-बिस्त्र काही सांगितलं नाही.

सकाळी आम्ही स्टेशनवर जायला निघालो. ऊन चांगलं पडलं होतं. दुकानांची शटरं वर जात होती, कुणी फुटपाथवर पाणी मारत होतं. रस्त्याच्या मधून ट्रामचे रूळ जात होते. मी मागे होते, बॅगा ओढत. तो पुढे होता आणि मुंगीने त्याचा हात धरला होता. माझ्या दोन्ही हातांत बॅगा होत्या म्हणून मीच म्हटलं होतं, "तिला धर."

ती नेहमीप्रमाणे पुढे ओढत होती.

त्यामुळे त्याचा हात सरळ झाला होता. पुढे, ताठ.

ट्राम येताना दिसली, म्हणून तो कडेला थांबला.

त्याने मुंगीचा हात घट्ट आवळला. मी मागून पाहिलं. त्याची नखं पांढरी पडली होती.

मूठ उघडली नाही.

मुंगीचा हात मुठीत नव्हता. मुंगीही नव्हती.

ट्राम आमच्या समोरून गेली. हिरवी, लांब, खिडक्यांत कामाला निघालेले लोक. ती संपेचना. मी ओरडले की नाही, आठवत नाही. बॅगा हातांतून पडल्याचा आवाज आठवतो.

ट्राम गेली.

मुंगी पलीकडच्या फुटपाथवर उभी होती. नीट, पायांत बूट, केसांत रिबीन. तिचा उजवा हात वर होता, मोठ्या माणसाचा हात धरल्यासारखा. मग तो खाली आला आणि तिने आम्हाला टाटा केला.

आम्ही दोघं पळत पलीकडे गेलो. मी तिला तपासलं. डोकं, मान, हात, पाय. ओरखडासुद्धा नव्हता. तो तिच्यापासून दोन पावलांवर उभा राहिला. जवळ आला नाही.

"तू एकटी कशी गेलीस गं?" मी विचारलं.

"एकटी नाही गेले," ती म्हणाली. मग तिला दुकानातला फुगा दिसला आणि तिने तो मागितला.

घरी आल्यावर त्याने बोर्ड उतरवला, बाण मास्तरांकडे पाठवून दिले. आयोजकांना कळवलं की हात पुन्हा अडकला. लोक हळहळले, मग विसरले. आता तो क्लबच्या मुलांना शिकवतो. तोंडाने सांगतो, हातात बाण घेत नाही. मागच्या खोलीत मुंगीचं अभ्यासाचं टेबल आहे. आमचं बरं चाललंय. त्याने हातातून काही निसटल्याचं पुन्हा कधी सांगितलं नाही, आणि कप फुटत नाहीत.

मुंगी आता नऊ वर्षांची आहे. परवा नवा गणवेश आणला. तो एका बाजूला वर ओढल्यासारखा दिसला, म्हणून मी तिला भिंतीशी उभं करून नीट मोजलं. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर आहे. हाडात दोष नाही, पाठ सरळ आहे. उजव्या बाजूचे स्नायू लांबलेत, एवढंच. हात कायम वर धरून चालावं लागलं की होतात तसे. "शाळेत जड दप्तर असतं का?" मी विचारलं. नव्हतं.

आज सकाळी आम्ही तिघं बाजारात गेलो. मी तिचा डावा हात धरला होता. तो आमच्या मागून येत होता, दोन्ही हात खिशात घालून. फुटपाथ अरुंद आणि गर्दी खूप. मी तिला दोनदा सांगितलं, "अगं, भिंतीकडे सरक, लोकांना जाऊ दे." ती सरकली नाही. माझ्या अंगाला अगदी घासून चालत राहिली, आणि उजवीकडे, भिंतीपर्यंत, एका माणसाची जागा मोकळी ठेवली होती.