आवाजाची खाच

बंद शेडमधून केतकीला स्वतःचाच आवाज ऐकू आला. ‘अप्पा, जेवायला चला.’ सकाळी ती हे बोलली होती खरी, पण आत्ता ती अंगणात तोंड मिटून उभी होती.

२०६१ सालच्या जयसिंगपुरात अशा गोष्टीने कोणीही दचकलं असतं. मागच्याच महिन्यात एका भामट्याने यंत्राकडून तिचा हुबेहूब आवाज घडवला होता आणि आईला फोन करून घराचं कुलूप उघडायला लावलं होतं. तेव्हापासून केतकी फोनवर बोलत नव्हती. आणि आता तिचे आजोबा, कंपनशास्त्र (वस्तूंच्या थरथरण्याचा अभ्यास) शिकवून निवृत्त झालेले अप्पा कुरणे, शेडमध्ये कसलंसं यंत्र बांधत होते. विचारलं की विषय बदलायचे.

तिने दार ढकललं. आत अप्पा उभे होते; दगडी ओट्यावर जड लोखंडी चाक फिरत होतं आणि त्यावर काळी तबकडी होती. केतकीने आधी वीज बंद केली.

“माझा आवाज कुठे पाठवता?”

कुठेच नाही, असं अप्पा म्हणाले. तिला पटलं नाही. तिने ओट्याखाली बाहेर जाणाऱ्या तारा शोधून पाहिल्या. हवा ओढणाऱ्या एका नळीत केसांसारखे काळे धागे तेवढे सापडले.

अप्पांनी वाद घातला नाही. त्यांनी कागदाचा शंकू केला, टोकात टाचणी खुपसली आणि तो तिच्या हाती दिला. टाचणी तबकडीवर अलगद टेकव आणि दुसऱ्या हाताने चाक फिरव, असं सांगितलं. आधी जाडसर गुरगुर आली. चाक वेगात फिरलं तसा शंकू बोटांत थरथरला आणि बारीक आवाजात बोलला, ‘अप्पा, जेवायला चला.’

वीज तर बंदच होती. मग बोललं कोण?

अप्पांनी भिंग दिलं. तबकडीवर नागमोडी खाच दिसली. बोलताना हवा थरथरते, ते म्हणाले. ध्वनिग्राहक (आवाज टिपणारं साधन) त्या थरथरीची वीज करतो. ती वीज चुंबकाजवळच्या तारेच्या वेटोळ्यात शिरली की वेटोळं हलतं आणि त्याला जोडलेली तापलेली सुई डावी-उजवीकडे डुलत खाच कोरते. मळसूत्र (आटे पाडलेला लांब दांडा) सुईला हळूहळू मध्याकडे सरकवतं, म्हणून खाच खाचेवर चढत नाही. नळीतले धागे म्हणजे कोरून निघालेला कीस. टाचणी त्याच वळणांवरून गेली की तशीच थरथरते आणि शंकू हवेला हलवतो.

“खोटा आवाज दिला, तर सुई तोही कोरेल?”

“कोरेल. सुईला खरं-खोटं कळत नाही. ती चौकशी आपणच करायची.”

“मग मला का नाही विचारलंत?”

यंत्राची चाचणी चालू असताना ती दारात बोलली आणि ते पहिल्यांदाच नीट चाललं, असं अप्पांनी सांगितलं. आनंदात विचारायचं राहून गेलं.

“चुकलं माझं,” ते म्हणाले.

दुसरी प्रत नव्हती. केतकीने पत्रा कापायची कात्री उचलली आणि तबकडीचे दोन तुकडे केले. कितीतरी महिन्यांच्या खटपटीनंतरचं ते पहिलं यश होतं. अप्पांचा चेहरा उतरला, पण त्यांनी तिला अडवलं नाही.

तुकडे हातात घेऊन ती उभी राहिली. हा आवाज आता कोणालाच वापरता येणार नव्हता.

मग तिनेच नवी तबकडी चढवली, वीज चालू केली, सुई खाली टेकवली.

“आता विचारा,” ती म्हणाली.

“तुझा आवाज कोरू?”

“हो.”

तबकडीवर सर्वांत आधी हेच उतरलं. त्यापुढे केतकी बोलतच राहिली. महिनाभराचं बरंच साठलं होतं.