वाऱ्याकडे पाठ केलेली होडी

केबिनच्या दारातच इन्स्पेक्टरने नाकाला रुमाल लावला. आत पेट्रोल, ओकारी आणि कोंडलेल्या हवेचा वास होता. मास्तर पालथे पडले होते, एक हात दुसऱ्या पायरीवर. वर अजून तीन पायऱ्या होत्या.

मास्तर म्हणजे भूमितीचे निवृत्त शिक्षक. शिडाच्या या होडीवर एकटेच राहायचे. दहा दिवसांनी तीच घेऊन वर्षभर किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायला निघणार होते, आणि त्यासाठीच आठवड्यापूर्वी त्यांनी छोटा जनरेटर घेतला होता.

"पाणी घेऊन रोज संध्याकाळी सहाला येतो, आज चारलाच आलो," लाँचवाला म्हणाला. "मशीन चालू होतं, ते बंद केलं. बाकी कशाला हात लावला नाही."

"मशीन कुठे होतं?"

"मागच्या टोकाला. असायला पाहिजे तिथंच. पण होडीच उलटी आहे साहेब. नांगर टाकलेली होडी आपोआप वाऱ्याकडे तोंड करते. खाडीतल्या बाकीच्या बघा, आणि ही बघा."

इन्स्पेक्टरने पाहिलं. सगळ्या होड्या एका दिशेला तोंड करून होत्या, मास्तरांची तेवढी पाठ फिरवून. नांगराचा दोर पुढच्या टोकाऐवजी मागच्या टोकाला बांधला होता. केबिनचं दारही मागेच. त्यामुळे वारा मागून येत होता आणि जनरेटरचा सगळा धूर सरळ आत.

टेबलावर मास्तरांची वही होती. जनरेटर घेण्याआधी त्यांनी चार मशीनची परीक्षाच घेतली होती.

'पहिला: आवाज फार. शेजारी शिव्या देतील. नापास. दुसरा: ताकद भरपूर, वजन पंचेचाळीस किलो. माझ्या उजव्या हातात जोर नाही, खांदा उठत नाही. नापास. तिसरा: स्वस्त, पण वीज कमीजास्त होते, बारीक यंत्रं जळतील. नापास. चौथा: वीस किलो, आवाज कमी, डाव्या हाताने उचलता येतो. पास.'

इन्स्पेक्टर किंचित हसला आणि लगेच त्याला स्वतःचाच राग आला. खाली वाकून त्याने मास्तरांचे तळहात उलटे करून पाहिले. शाईचा एक डाग होता, बाकी साधा ओरखडाही नव्हता.

धक्क्यावरच्या कचेरीत दोघं बसले होते. जनरेटर विकणारी बाई, आणि तिच्याविरुद्ध तक्रार देणारा मास्तरांचा धाकटा भाऊ. हवालदाराने बाईच्या अटकेचा कागद तयारच ठेवला होता. सही झाली की बाई आत आणि दुकानाला सील. नखांत ग्रीस असलेली ती बाई तासभर खाली मान घालून बसली होती. भावाने थंड पेयाची बाटली दोन्ही तळव्यांत दाबून धरली होती. तिचं झाकणही उघडलेलं नव्हतं.

"दादा झोपेतच गेला ना साहेब?" भाऊ म्हणाला. "त्रास नसेल झाला."

"तुम्ही त्यांना शेवटचं कधी भेटलात?"

"सकाळी दहाला. माझ्या वल्ह्याच्या होडीने गेलो, लगेच परत आलो."

"होडी उलटी कशी झाली?"

"उकाड्यामुळे. दुपारी दारातून वारा यावा म्हणून दादाच फिरवून बांधायचा. अशा वेळी मशीन लावू नका, हे हिने सांगायला नको? धंदा करायचा आणि माणसं मारायची."

"सांगितलं होतं," बाई म्हणाली. "मास्तरांना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी हे आले तेव्हा यांनाही."

"मी कशाला जातोय हिच्या दुकानात? मला मशीनमधलं ओ की ठो कळत नाही."

इन्स्पेक्टरने हवालदाराच्या कानात काहीतरी सांगून त्याला बाहेर पाठवलं. मग भावासमोर खुर्ची ओढली.

"बाटली ठेवा आणि तळहात दाखवा."

भाऊ हलला नाही. इन्स्पेक्टरने स्वतःच बाटली काढून घेतली. दोन्ही तळव्यांची कातडी सोलवटली होती.

"वारा असताना एवढी होडी दोराने फिरवायची तर दोन धड हात लागतात," इन्स्पेक्टर म्हणाला. "मास्तरांकडे एकच होता. एका हाताने उचलता यावा म्हणून तर त्यांनी चारांतून हा निवडला. त्यांचे तळहात कोरे आहेत आणि तुमचे सोललेत. जेवून ते झोपले, मशीन चालू होतं, तुम्ही दोर मागे नेऊन बांधलात आणि वल्हवत निघून आलात. पाचला जाऊन होडी सरळ करायची, मग बोंब मारायची. लाँच लवकर आली आणि सगळं मुसळ केरात गेलं."

"मी का मारेन सख्ख्या भावाला?"

"मास्तरांनी वहीत लिहून ठेवलंय, होडी दोघांच्या नावावर आहे. तुम्हाला ती विकायची होती, ते सही देत नव्हते. आणि दहा दिवसांनी तर ते निघूनच गेले असते. वर या बाईला तुरुंगात घालायला निघालात. आणि झोपेत नाही गेले ते. ओकले, सरपटत आले, दुसऱ्या पायरीपर्यंत हात पोचला."

भावाने तळवे पँटला पुसले. मग हळूच म्हणाला, "होडीला सील लागणार का? गिऱ्हाईक उद्या बघायला येणार आहे."

इन्स्पेक्टरला इतकी किळस आली की क्षणभर त्याला त्या माणसाकडे बघवेना. बाईच्या अटकेचा कागद त्याने फाडून टाकला.

हवालदार परत आला. भावाच्या स्कूटरच्या डिकीत एक घडी घातलेला कागद सापडला होता. कागदावर होडीचं चित्र होतं, वाऱ्याचे बाण होते, आणि होडी उलटी फिरली तर धूर कुठे शिरतो ते पेन्सिलने गडद केलेलं होतं.

"हे मी काढून दिलं," बाई म्हणाली. "भावाची फार काळजी वाटते म्हणाले. चटकन लक्षात येईना, म्हणून तीन वेळा समजावलं. शेवटी म्हणाले, आता बरोबर कळलं. माझे आभार मानून गेले."