तेवीस नंबरचा बिल्ला

पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. मी काही कुणाला घाबरवायला बसलेलो नाही. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय, आणि माझा मामा थापा मारणाऱ्यातला नाही. इतका सरळ की पत्ते खेळताना आपलीच पानं दाखवून बसायचा. आयुष्यात एकदाच तो गप्प बसला, जिथे बोलायला हवं होतं तिथे. त्याचीच ही गोष्ट.

वार मंगळवार. सकाळचे नऊ. लख्ख ऊन. ही भुताखेतांची वेळ नव्हे, हे मलाही कळतं.

मामा एका राष्ट्रीय उद्यानात गाइड होता. सत्तावीस वर्षं लोकांना धबधबे दाखवत फिरला. दाट जंगल, गोल फिरून येणारी पायवाट आणि वाटेवर सात धबधबे. कागदावर त्यांची मोठी मोठी नावं असतील, पण गाइड लोकांनी आपापली ठेवलेली. तिसरा तो बहिरा, कारण त्याच्यापाशी शेजारच्याची बोंबसुद्धा ऐकू येत नाही. सातवा तो धाकटा. फाटकापासून वीस मिनिटांवर, जेमतेम दोन पुरुष उंच, दिसायला अगदी गरीब.

त्याच्या खालचा डोह मात्र गरीब नाही. खडकाच्या कपारीत तो आत कुठवर जातो, कुणालाच माहीत नाही.

आता एक गोष्ट नीट ऐका. फाटकाच्या चौकीत भिंतीवर एक लाकडी फळा होता. त्यावर चाळीस खिळे. प्रत्येक खिळ्यावर साखळीत ओवलेला पितळी बिल्ला, त्यावर नंबर. आत जाताना प्रत्येकाने एक बिल्ला गळ्यात घालायचा आणि बाहेर आल्यावर आपल्या हाताने परत खिळ्यावर लावायचा. संध्याकाळी रखवालदार फळा बघायचा. सगळे खिळे भरले म्हणजे सगळी माणसं परत आली. मग वहीत सही, फाटकाला कुलूप आणि जो तो आपल्या घरी. एक जरी खिळा रिकामा राहिला तर दोर आणि बॅटऱ्या घेऊन सगळे आत शिरायचे, माणूस सापडेपर्यंत.

दुसऱ्याचा बिल्ला आपण लावायचा नाही. नव्या गाइडला पहिल्या दिवशी हे मामाच शिकवायचा.

त्या मंगळवारी एकच बुकिंग होतं. एकाच माणसासाठी खास फेरी, आणि गाइड म्हणून मामाच हवा असा आग्रह. मामाला वाटलं, चला, म्हातारपणी का होईना आपलं नाव झालं. मिशीला पीळ देतच तो चौकीत शिरला.

बाकावर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. पायात नवे कोरे बूट, किमतीची चिठ्ठीसुद्धा न काढलेले.

त्यांनी मान वर केली... आणि मिशीवरचा मामाचा हात खाली आला.

सहा वर्षांपूर्वी याच बाई याच चौकीत मुलीचा फोटो घेऊन उभ्या होत्या.

"ओळखलंत ना, दादा?"

मामाने मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यालाही आठवत नाही.

बाईंनी शांतपणे सगळं सांगितलं. नवरा गेल्या वर्षी गेला. मुलगा दुसऱ्या शहरात असतो, आई आता एकटी नको म्हणतो. रविवारी सामान न्यायला गाडी येणार. पण त्यांचा पाय घरातून निघत नव्हता. मुलगी हरवली त्या दिवशी सकाळी मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. जायचं तर जा, परत तोंड दाखवू नकोस, असं त्या बोलून गेल्या होत्या. मुलगी फिरायला म्हणून इथे आली. इथल्या वहीत सगळे सुखरूप परत आल्याची नोंद होती. म्हणजे पोरगी फाटकातून बाहेर पडली आणि रागाने कुठेतरी निघून गेली. कधीतरी राग उतरेल, ती येईल. म्हणून सहा वर्षं त्यांनी रात्रीसुद्धा दाराला कडी लावली नव्हती.

"ती आली आणि दाराला कुलूप दिसलं तर?" त्या म्हणाल्या. "तिने शेवटचं काय पाहिलं ते मला एकदा दाखवा. मग बघते जायचं जमतंय का."

मामाने त्यांना आठ नंबर दिला आणि स्वतः एक नंबर घेतला. तेवीसच्या खिळ्याकडे त्याने बघितलं नाही. सहा वर्षांत एकदाही तो बिल्ला त्याने कुणाला दिला नव्हता.

कारण तो बिल्ला मामाने स्वतः लावला होता.

त्या दिवशी अकराजण होते, एकमेकांना न ओळखणारे. धाकट्यापाशी ती मुलगी मागे रेंगाळली. तिला बाटली भरायची होती. वाकलं की गळ्यातला बिल्ला बाटलीवर आपटायचा, म्हणून तिने तो काढून मामाच्या हातात दिला. तेवढ्यात पुढे एका आजोबांचा पाय मुरगळला. मामा तिकडे धावला. पोरीला म्हणाला, ये गं मागून. आजोबांना खांद्यावर टेकवून त्याने फाटक गाठलं. तिथे नुसता गोंधळ. पाणी आणा, गाडी बोलवा. मामाला वाटलं, सगळे पोचले. खिशात हात गेला, बिल्ला लागला आणि हाताने सवयीने तो खिळ्यावर लावून टाकला.

फळा भरला. फाटकाला कुलूप लागलं.

तिसऱ्या दिवशी फोटो समोर आला तेव्हा मामाला क्षणात सगळं कळलं. त्याच क्षणी बोलला असता तर... पण तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. आधी नोकरीची भीती, मग लाज, मग उशीर झाला म्हणून आणखी उशीर. सुट्टीच्या दिवशी एकटाच काठी घेऊन डोह ढवळत बसायचा. मामीला वाटायचं, मासे धरतो.

तर ती फेरी सुरू झाली. पहिला धबधबा झाला. बाई मधूनमधून मागे वळून बघायच्या.

"तिला मागे राहायची सवय होती," त्या म्हणाल्या. "बाजारात गेलो तरी दहा पावलं मागे."

दुसऱ्या धबधब्याच्या अलीकडे मामाला आवाज आला.

टिण... टिण... टिण...

चालताना बिल्ला सदऱ्याच्या गुंडीवर आपटतो, तो आवाज. मामाचे कान त्यावर तयार झालेले. त्याने स्वतःच्या गळ्याकडे पाहिलं. त्याचा बिल्ला सदऱ्याच्या आत होता. बाईंनी आपला मुठीत घट्ट धरलेला.

मामा थांबला. आवाजही थांबला.

तो चालू लागला... टिण... टिण... दहाएक पावलं मागे.

चोराच्या मनात चांदणं, असं म्हणून त्याने पाय उचलले. भास असेल. बहिऱ्यापाशी गेलो की सगळंच बुडेल, तिथे कान नावाची वस्तूच उरत नाही.

बहिरा आला. पाणी अंगावर धावून येत होतं. बाई काहीतरी बोलल्या, त्यांचे नुसते ओठ हललेले दिसले. जंगल नाही, पाखरू नाही, स्वतःचा श्वाससुद्धा नाही.

आणि त्यात, अगदी कानापाशी...

टिण.

 तिथून पुढे आल्यावर बाईंनी विचारलं, "दादा, तिथे काहीच ऐकू येत नव्हतं ना? मग बिल्ला कसा वाजला?"

मामा पुढे चालू लागला. चौथा झाला, पाचवा झाला, सहावा झाला. नेहमी प्रत्येक ठिकाणी त्याच्या ठरलेल्या गमती असायच्या, हा धबधबा बायकोसारखा, हा साहेबासारखा. त्या दिवशी एक शब्द फुटला नाही. मागचा आवाज पुन्हा दहा पावलांवर गेला होता, तिथून तो जवळ आला नाही, लांबही गेला नाही.

धाकटा दिसला तेव्हा अकरा वाजले होते. ऊन थेट डोहात उतरलं होतं. मामा म्हणतो, इतकं सुंदर ते ठिकाण त्याला कधीच दिसलं नव्हतं.

बाई काठाच्या खडकावर बसल्या. "इथे पाहिलंत तुम्ही तिला?"

"हो, ताई."

तेवढ्यात आवाज गेला.

बिल्ल्याचा नाही... धबधब्याचा. पाणी पडत होतं, डोहात फेस होत होता, तुषार तोंडावर येत होते. पण आवाज नव्हता. दार लोटल्यावर बाहेरची वर्दळ बंद होते, तसं.

मामाच्या मागून, अगदी साध्या आवाजात, कुणीतरी म्हणालं,

"दादा... माझा बिल्ला द्या ना. बाहेर जायचंय."

मामाने वळून बघितलं नाही. त्याची हिंमतच झाली नाही. पण त्याला कळून चुकलं. फळ्याच्या हिशेबाने ती केव्हाच घरी गेली होती. जिचा बिल्ला खिळ्यावर लागलाय, तिला शोधायला कोण येणार? सहा वर्षं पोरगी प्रत्येक फेरीच्या मागे फाटकापर्यंत येत असेल आणि तिथून परत फिरत असेल.

मामा बाईंसमोर येऊन बसला.

"ताई, ती बाहेर आलीच नाही. तिचा बिल्ला मी लावला. माझ्या हाताने."

मग त्याने सगळं सांगितलं. आजोबांचा पाय, खिसा, खिळा, आणि सहा वर्षांचं गप्प बसणं. बोलताना तो लहान मुलासारखा रडत होता. कधीतरी मध्येच पाण्याचा आवाज परत सुरू झाला होता. बाईंनी त्याला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं,

"म्हणजे ती रागावून गेली नव्हती?"

"नाही, ताई. हसत होती. म्हणाली, सकाळी आईशी भांडून आलेय, इथलं गार पाणी नेते तिच्यासाठी. म्हणून तर वाकली होती बाटली भरायला."

बाईंनी पदर तोंडाला लावला. मामा सांगतो, ते रडणं ऐकवत नव्हतं. सहा वर्षांची वाट बघणं एका दमात संपलं होतं.

परत येताना मागे आवाज होता. टिण... टिण... फाटकाच्या अलीकडे तो थांबला. मामा धावत चौकीत गेला, तेवीसचा बिल्ला खिळ्यावरून काढला आणि रखवालदारासमोर सगळं कबूल केलं. वरच्या साहेबांना स्वतःच्या हाताने लिहून दिलं.

तीन दिवस दोर लावून माणसं डोहात उतरत होती. ती सापडली नाही. कपारीत अडकलेली एक बाटली तेवढी सापडली. झाकण घट्ट बंद, आत काठोकाठ पाणी.

मामाची नोकरी गेली. बरोबरच झालं, असं तोच म्हणतो. बाईंनी साहेबांकडे फक्त बाटली आणि बिल्ला मागितला. शनिवारी मामा ते दोन्ही त्यांच्या घरी देऊन आला. हात जोडून म्हणाला, ताई, आता उद्या निश्चिंत मनाने मुलाकडे जा.

रविवारी सकाळी सहालाच बाईंचा फोन आला.

"दादा, काल रात्री कडी लावली मी. सहा वर्षांत पहिल्यांदा. बिल्ला उशाखाली ठेवून झोपले होते." त्या म्हणाल्या. "सकाळी उशाखाली नव्हता. दाराजवळ किल्ल्यांचा खिळा आहे ना, त्यावर लावलेला. साखळी ओली. कडी आतून तशीच आहे. तिने आपल्या हाताने लावलाय हो."

 मामा म्हणाला, ताई, पोर घरी पोचली. आता गाडी आली की निघा तुम्ही.

"आता कशी निघू, दादा?" त्या म्हणाल्या. "आत्ता तर आलीय ती."

गाडी रिकामी परत गेली. मुलाने मामाला फोनवर नको नको ते ऐकवलं, आणि मामाने ते सगळं ऐकून घेतलं. खरं सांगितलं की बाईंची सुटका होईल, असं त्याला वाटलं होतं. पोर सुटली असेल कदाचित. आई मात्र आता त्या घराला कायमची बांधली गेली. आपण चांगलं केलं की वाईट, हे मामा मला अजून विचारतो. मी काय सांगणार, कपाळ?

गेल्या महिन्यात मामाबरोबर मी त्या घरी गेलो होतो. बाई छान बोलल्या, चहा दिला. दाराजवळच्या खिळ्यावर तो बिल्ला होता. मी सहज हात लावला, तर साखळी ओलीगार. खाली जमिनीवर एक वाटी ठेवलेली.

थेंब पडतो, बाई म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत वाटी भरते, मग कुंडीत ओतते. सांगताना त्या आतल्या खोलीकडे बघून हसल्या, कुणीतरी मागे रेंगाळलंय आणि येईलच आता, असं.

मामा आत आलाच नाही. चहा होईपर्यंत तो बाहेर पायरीवर, दाराकडे पाठ करून बसून होता.