पाच पावलं आत

आमच्या कड्यावरच्या वाटेचा नियम साधा आहे. कडा संपतो तिथून पाच पावलं आत खुंट, आणि खुंटांच्या आतून माणसं. पलीकडं कुणी पाऊल टाकत नाही. उत्तर समुद्र दर हिवाळ्यात मातीचा घास घेतो, म्हणून वर्षातून दोनदा मी सायकलला गाडा जोडून अकरा किलोमीटर फिरतो, पावलं मोजतो आणि लागतील तेवढे खुंट उपटून आत रोवतो. बुडाशी तीन दगड ठोकतो, म्हणजे वाऱ्यानं हलत नाहीत. बावीस वर्षं हेच काम. लोक मला खुंट्या हाल्फदान म्हणतात, आणि स्वभावानं मी आहेही तसाच.

गेल्या शरदात त्यातली साठ पावलांची वाट मी मोजली नाही. माझ्याच घरापुढची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसणारा तुकडा, त्यात काय मोजायचं? पाऊस होता. नगरपालिकेच्या कागदावर खूण केली आणि आत आलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

नऊ दिवसांनी, गुरुवारी, माझा मित्र विगो नेहमीसारखा माझ्याकडे कॉफीला निघाला. डाव्या पायानं लंगडत, लोखंडी टोकाची काठी टेकत, नियमानं खुंटांच्या आतून. कडा त्याच्यासकट खाली गेला. मी कॉफी ओतत होतो. मान वर केली तेव्हा खिडकीत नुसता समुद्र होता.

तो सापडला नाही. त्याची बायको आल्मा मला एका शब्दानं बोलली नाही, कारण तिला ठाऊकच नव्हतं. सांगायला हवं, असं मला रोज वाटायचं आणि रोज जीभ रेटायची नाही. मला माझीच लाज वाटते, पण लाजेनं माणूस बोलता होत नाही.

एप्रिलमधल्या एका सोमवारी घरापुढचे खुंट पाच पावलं आत सरकलेले दिसले. उन्हाळी घरांतल्या पाहुण्यांची थट्टा असेल म्हणून मी ते परत जागेवर रोवले. मंगळवारी ते दहा पावलं आत होते. कडा मात्र तसूभर ढळला नव्हता. फीत लावून पाहिली.

मी खुंटाभोवतीची माती उकरली. बुडाशी तीन दगड होते, नीट ठोकलेले. आणि ओल्या मातीत जागोजागी बोटभर रुंदीची गोल भोकं.

आल्मा सायकलवरून पाव घेऊन येत होती. थांबली.

“वाट स्वयंपाकघरातून नेतोस की काय रे? मग येणाऱ्या-जाणाऱ्याला कॉफी पाजावी लागेल हं.”

“मी हलवले नाहीत.”

“मग कुणी? तीन दगड ठोकायची खोड तुझ्याशिवाय कुणाला आहे?” ती खुंटाकडे बघत राहिली. “विगोला शिकवली होतीस तेवढी.”

त्यानंतर मी खुंटांना हात लावला नाही. शुक्रवारी ते माझ्या उंबऱ्याशी आले. रविवारी सकाळी घरापुढं एकही नव्हता. सगळे घरामागं, भिंतीला लागून ओळीनं उभे होते.

आमची माणसं शिस्तीची. फिरायला येणारे मुकाट घरामागून जाऊ लागले. एरवी वाटेवर दिसेल त्याला नमस्कार करणारे लोक, पण माझ्या खिडकीकडे कुणी बघेना. सोमवारी टपालवाल्यानं माझी पत्रं खुंटाशी दगडाखाली ठेवली आणि तो गेला.

गुरुवारी आल्मा आली. मी दोन कप मांडले होते. आज सांगायचंच, असं ठरवलं होतं. मागचं दार उघडलं.

“ये आत. कॉफी तयार आहे.”

“खुंटांपलीकडं कशी येऊ? बावीस वर्षं तूच बजावतोयस.”

ती हसली नाही. सायकल धरून उभी राहिली.

“हाल्फदान, त्या शरदात इथं मोजलं होतंस ना?”

शब्द अगदी ओठांवर आले होते.

“मोजलं होतं,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली. “मग ठीक,” म्हणाली, आणि सायकल वळवून गेली.

मी खुंटापासून समुद्राच्या दिशेनं पावलं मोजली. दारातून आत, चुलीजवळून पुढं. पाचवं माझ्या खुर्चीशी पडलं.

तिथंच बसलो आहे. जमीन सपाट आहे, टेबल सरळ आहे.

दोन्ही कपांतली कॉफी समुद्राकडच्या काठाला चढली आहे.